तिकिटात जेवण आलं, पण वाढणारा?

न्यू जर्सीतल्या लिंडहर्स्ट गावी एक नकली किल्ला आहे. 'मेडिव्हल टाइम्स' नावाच्या कंपनीचा. आत शिरताच डोक्यावर कागदी मुकुट चढतो. मधल्या रिंगणात घोडेस्वार सरदार भाले घेऊन एकमेकांवर धावून जातात आणि भोवती बसलेले प्रेक्षक आपापल्या रंगाच्या सरदाराच्या नावानं ओरडत, काट्याचमच्याशिवाय, हातानं कोंबडी खातात. शाकाहारी मंडळींसाठी वेगळं ताट मिळतं. तिकीट एकच. त्यात खेळ आला आणि जेवणही आलं. मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांना अमेरिकेत अशा एखाद्या 'डिनर शो'ला हौसेनं नेलं जातं. खेळ संपत आला की ज्या माणसानं दोन तास धावपळ करून सगळ्यांसमोर ताटं ठेवली, तो जवळ येऊन आभार मानतो आणि घरच्यांत कुजबुज सुरू होते. तिकिटाचे एवढे पैसे भरले, मग हे वेगळे कशाचे?

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत नेहमीच्या रेस्तराँत जेवलं की बिलाच्या खाली टिपची रिकामी ओळ असते, त्यामुळे निदान आठवण तरी होते. जेवणाला करमणूक जोडली की ती ओळच नाहीशी होते. पैसे महिनाभर आधी ऑनलाइन भरलेले असतात, टेबलावर बिल येत नाही, आणि शंभर डॉलरच्या तिकिटात नाटक किती आणि भाजी-भात किती, हे कुठं लिहिलेलं नसतं. अशा वेळी काही जण काहीच देत नाहीत, काही जण धास्तीनं नको तेवढं देतात. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी एक गोष्ट समजून घ्यावी लागते: खेळाचे पैसे तिकिटात वळते झालेले असतात, पण वाढणाऱ्याच्या मजुरीचा मोठा हिस्सा बहुतेक ठिकाणी तिकिटाबाहेर ठेवलेला असतो. टिप द्यायची ती त्या हिश्शाची.

ताट आणि रंगमंच एका छताखाली

जेवणासोबत नाटक विकण्याचा अमेरिकी धंदा तसा अलीकडचा. व्हर्जिनिया राज्यातल्या हॅनोव्हर टॅव्हर्न या जुन्या खाणावळीत 1953 साली बार्क्सडेल थिएटर सुरू झालं. अमेरिकेतल्या पहिल्या डिनर थिएटरचा मान सहसा त्याला दिला जातो. पुढच्या पंचवीस वर्षांत उपनगरं वाढली आणि अशा थिएटरांचं पेव फुटलं. शहरातल्या मोठ्या नाट्यगृहापर्यंत गाडी हाकत जाण्यापेक्षा घराजवळ जेवण आणि संगीत नाटक एकाच जागी मिळणं कुटुंबांना सोयीचं होतं. मिनेसोटातलं चॅनहॅसन डिनर थिएटर 1968 पासून सुरू आहे. फ्लोरिडात डिस्नेच्या फोर्ट विल्डरनेसमध्ये 'हूप-डी-डू' हा गाण्याबजावण्याचा खेळ 1974 पासून चालतो. मेडिव्हल टाइम्सचा अमेरिकेतला पहिला किल्ला 1983 साली फ्लोरिडातल्या किसिमीत उभा राहिला. मूळ कल्पना स्पेनमधल्या मायोर्का बेटावरची. टेनेसीतल्या पिजन फोर्जमध्ये गायिका डॉली पार्टनच्या नावाचा घोड्यांचा खेळ 1988 पासून चार टप्प्यांत वाढल्या जाणाऱ्या जेवणासह दाखवला जातो.

याच घराण्यातले इतरही प्रकार आहेत. हडसन नदीवर जेवण आणि वाद्यवृंद घेऊन फिरणारी बोट, जेवता जेवता खुनाचा छडा लावायची 'मर्डर मिस्टरी', हवाईतला 'लुआऊ', दोन पेयं घेणं सक्तीचं असलेला कॉमेडी क्लब, आणि खुर्चीपाशी जेवण आणून देणारं सिनेमागृह. 1997 साली टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये सुरू झालेल्या अलामो ड्राफ्टहाउसनं हा शेवटचा प्रकार घरोघरी पोचवला.

यातल्या कॉमेडी क्लब आणि सिनेमाच्या बाबतीत हिशेब सोपा. तिकीट वेगळं, खाण्यापिण्याचं बिल वेगळं. तिकिटावर टिप नाही, बिलावर रीतसर 18 ते 20 टक्के. गोंधळ होतो तो सगळं एकाच आकड्यात बांधलेलं असतं तिथं.

सव्वादोन डॉलरही नाहीत

आपल्याकडे वेटरला पगार मालक देतो आणि टिप ही वरची खुशी असते. चांगलं वाढलं तर वीस-पन्नास ठेवायचे, नाही तर उठून जायचं. हीच सवय घेऊन आपण अमेरिकेत जातो आणि तिथं ती चुकीची ठरते, कारण तिथल्या कायद्यानंच टिपला पगाराचा भाग करून टाकलं आहे.

अमेरिकेचा किमान वेतनाचा केंद्रीय कायदा 1938 सालचा. हॉटेलं आणि रेस्तराँ त्याच्या कक्षेत आली 1966 च्या दुरुस्तीनं, पण येताना एक सवलत घेऊनच आली. ज्या नोकराला टिप मिळते त्याला मालकानं पूर्ण किमान वेतन न देता काही भागच रोख द्यावा आणि उरलेली रक्कम टिपमधून भरून निघाली असं धरावं, अशी ही तरतूद. 1991 साली ही रोख रक्कम तासाला 2.13 डॉलर झाली, आणि केंद्रीय पातळीवर ती आजही तेवढीच आहे. मधल्या काळात किमान वेतन वाढून 2009 मध्ये 7.25 डॉलर झालं. या दोन आकड्यांमधले 5.12 डॉलर गिऱ्हाइकाच्या खिशातून यावेत, हे कायद्यानं गृहीत धरलेलं आहे. टिप कमी पडली तर फरक मालकानं भरून द्यावा असंही कायदा सांगतो. पण ते भांडून घेण्याची हिंमत रोजच्या पाळीवर जगणाऱ्या नोकराला सहसा होत नाही.

राज्याराज्यांत हे आकडे बदलतात. टेक्सस, टेनेसी, व्हर्जिनिया अशा राज्यांत 2.13 डॉलरच चालतात. न्यू जर्सीत 2025 साली किमान वेतन तासाला 15.49 डॉलर होतं, पण टिप मिळणाऱ्याला मालकानं द्यायची रोख रक्कम होती 5.62 डॉलर. याउलट कॅलिफोर्निया, नेव्हाडा, ऑरेगॉन, वॉशिंग्टन, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत ही सवलतच नाही; वेटरलाही पूर्ण किमान वेतन मिळतं. म्हणजे लास व्हेगासच्या एक्सकॅलिबर हॉटेलातल्या 'टूर्नामेंट ऑफ किंग्ज'मध्ये वाढणारा आणि टेनेसीतल्या घोड्यांच्या खेळात वाढणारा, दोघांचं काम सारखंच असलं तरी कायद्यानं मिळणारा आधार सारखा नाही. टिपची रीत मात्र दोन्हीकडे तीच चालत आली आहे.

रेल्वेच्या डब्यातून आलेली रीत

तिकीट आधीच काढलेलं, पण सेवा करणाऱ्याला वेगळं द्यायचं, ही पद्धत डिनर शोच्या पुष्कळ आधीची आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर युरोपची वारी करून आलेल्या श्रीमंतांनी टिप देण्याची फॅशन आणली. त्याच सुमारास गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना हॉटेलांत आणि रेल्वेत कामं मिळू लागली. पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांत पोर्टर म्हणून हेच लोक असत. प्रवाशांची अंथरुणं घालणं, बूट चमकवणं, रात्रभर हाकेला ओ देणं हे त्यांचं काम. कंपनी पगार तुटपुंजा देई आणि बाकीचं प्रवाशांच्या मर्जीवर सोडी. 1925 साली आसा फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी संघटना बांधली आणि बारा वर्षं झुंजून 1937 मध्ये कंपनीला करार करायला लावला.

त्या काळात अनेक अमेरिकनांना टिप ही लोकशाहीला न शोभणारी, माणसाला मिंधं करणारी चाल वाटे. 1909 साली वॉशिंग्टन राज्यानं टिपवर बंदी घालणारा कायदा केला, आणखी काही राज्यांनी त्याचं अनुकरण केलं. पण 1926 पर्यंत हे सगळे कायदे मागे घेतले गेले आणि टिप टिकली. ती टिकली ती मालकांच्या सोयीची होती म्हणून. हे ठाऊक असलं की आज वाढणाऱ्यासमोर पाकीट उघडताना आपण त्याच्यावर उपकार करतो आहोत ही भावना गळून पडते. पद्धत अन्यायाची असली तरी तिचा जाब त्या वाढणाऱ्याकडे मागता येत नाही. त्याची टिप कापून पद्धतही बदलत नाही.

एकाच पंगतीची रात्र

डिनर शोमधलं वाढणं नेहमीच्या रेस्तराँपेक्षा वेगळं असतं, आणि टिपच्या हिशेबात ही गोष्ट फार कमी लोक धरतात. रेस्तराँत एका संध्याकाळी एकाच टेबलावर दोन-तीन गट येऊन जातात आणि प्रत्येक गट टिप ठेवतो. डिनर शोला सगळी पंगत एकदम बसते आणि एकदम उठते. पडदा वर जाण्याआधी शेकडो ताटं एकाच वेळी निघायला हवीत. नाटक चालू असताना पावलांचा आवाज होता कामा नये. मध्यंतरात गोड पदार्थ आणि कॉफी पंधरा-वीस मिनिटांत सगळ्यांपर्यंत पोचली पाहिजे. अंधारात, वाकून, कुणाच्या डोळ्यांसमोर न येता खरकटं उचलायचं. एवढं करून त्या रात्रीची कमाई एकाच पंगतीची. एखाद्या टेबलानं काहीच ठेवलं नाही तर त्याची भरपाई करणारं दुसरं गिऱ्हाईक त्या रात्री येत नाही.

शिवाय मिळालेली टिप एकट्याची नसते. पेयं तयार करणारा, टेबलं पुसणारा, ताटं स्वयंपाकघरातून आणून देणारा यांना त्यातून वाटा जातो. अनेक ठिकाणी हा वाटा मिळालेल्या टिपवर न ठरता विक्रीच्या रकमेवर ठरतो. अशा जागी गिऱ्हाइकानं काही न देणं म्हणजे वाढणाऱ्याला स्वतःच्या इतर कमाईतून तो वाटा चुकवायला लावणं. मालक आणि मॅनेजर यांना मात्र या वाट्यात हात घालायला 2018 च्या केंद्रीय दुरुस्तीनं मनाई केली आहे. त्यामुळे टिप म्हणून दिलेला पैसा कायद्यानं कामगारांचाच राहतो.

टक्के कशावर मोजायचे?

समजा चौघांचं कुटुंब डिनर थिएटरला गेलं. तिकीट प्रत्येकी 75 डॉलर, एकूण 300. तिथं मागवलेल्या पेयांचं वेगळं बिल आलं 36 डॉलरचं. आता तीन जण तीन प्रकारे हिशेब करतील.

पहिला म्हणेल, हातात बिल आलंय ते 36 चं, त्याचे 20 टक्के म्हणजे सात डॉलर. सर्वांत जास्त चूक इथंच होते, आणि ती हेतुपुरस्सर नसते. समोर दिसणारा आकडा लहान असतो म्हणून टिप लहान निघते. चार माणसांना पूर्ण जेवण वाढणाऱ्याच्या हातात सात डॉलर पडतात.

दुसरा म्हणेल, एकूण खर्च 336, त्याचे 20 टक्के म्हणजे 67 डॉलर. मन मोठं आहे, पण यात नाटकाच्या नेपथ्यावर, वाद्यवृंदावर आणि हक्कांच्या मानधनावरही टिप दिली गेली. ब्रॉडवेच्या नाट्यगृहात आपण तिकिटाच्या वीस टक्के कुणाला देत नाही, तसंच इथंही द्यायची गरज नाही.

तिसरा जेवणाची किंमत वेगळी काढेल. ज्या थिएटरांत 'फक्त नाटक' असंही तिकीट मिळतं तिथं हे सोपं आहे; चॅनहॅसनसारख्या ठिकाणी असा पर्याय असतो. समजा नाटकापुरतं तिकीट 45 डॉलरचं असेल, तर जेवण 30 चं झालं. त्याचे 20 टक्के म्हणजे माणशी सहा, चौघांचे 24. त्यात पेयांचे सात मिळवले की 31 डॉलर. हा हिशेब सेवेपुरता आहे, म्हणून तो बरोबर.

'फक्त नाटक'चं तिकीट नसेल तर तसंच जेवण त्या भागातल्या साध्या रेस्तराँत केवढ्याला पडलं असतं याचा अंदाज करावा. सूप, कोंबडी किंवा भाजी, बटाटा, मका, गोड आणि पेय असं जेवण असेल तर 30 ते 40 डॉलर धरायला हरकत नाही. म्हणजे माणशी सहा ते आठ डॉलर. तिकीट स्वस्तातल्या कूपनवर मिळालं असेल तरी अंदाज मूळ किमतीचाच धरायचा. सवलत कंपनीनं दिली, वाढणाऱ्याचं काम त्यामुळे कमी झालं नाही. लहान मुलांचं तिकीट कमी असतं, पण त्यांच्या टेबलाखाली सांडलेलं उचलायला तेवढेच कष्ट पडतात, हेही लक्षात ठेवावं.

जेवण बुफे पद्धतीचं असेल तर ताट आपण स्वतः भरतो. तिथं 10 टक्के हा रूढ दर आहे. पण पेयं आणून देणं, दोनदा-तीनदा ताटं बदलणं, मध्यंतरात गोड पोचवणं हे सगळं एकच माणूस करत असेल तर 15 टक्क्यांपर्यंत जाणं उचित. टक्के नेहमी कर मिळवण्याआधीच्या रकमेवर मोजतात.

नाव एक, पैसा दुसऱ्याचा

आता बुकिंगच्या पावतीकडे वळू. तिथं तिकिटाखाली बारीक अक्षरांत आणखी ओळी असतात: ग्रॅच्युइटी, सर्व्हिस चार्ज, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह फी. तिन्ही 18-20 टक्क्यांच्या घरात, त्यामुळे तिन्ही टिपच वाटतात. तशा त्या नसतात.

अमेरिकेच्या कर खात्यानं 2012 मध्ये यावर स्पष्ट निवाडा दिला. टिप म्हणायची तर ती सक्तीची नसावी, किती द्यायची हे गिऱ्हाइकानं ठरवावं, मालकाच्या धोरणानं किंवा घासाघिशीनं ती ठरू नये, आणि ती कुणाला जावी हे ठरवायचा हक्क साधारणपणे गिऱ्हाइकाचा असावा. या कसोटीला न उतरणारी रक्कम म्हणजे सर्व्हिस चार्ज. ती मालकाची मिळकत होते. त्यानं नोकरांना वाटली तर ती पगार म्हणून जाते, आणि वाटायची की नाही हा प्रश्न राज्याच्या कायद्यावर आणि मालकाच्या धोरणावर राहतो. 2025 साली यात आणखी एक भर पडली. त्या वर्षीच्या कर कायद्यानं 2028 पर्यंत वर्षाला 25,000 डॉलरपर्यंतची टिप करपात्र उत्पन्नातून वजा करायची मुभा दिली, पण ती फक्त स्वेच्छेनं दिलेल्या टिपला. सक्तीच्या सर्व्हिस चार्जमधून मिळालेल्या पैशाला ही मुभा नाही.

या गोंधळाचा सर्वांत बोधप्रद खटला जेवणाच्या बोटीवरच घडला. न्यूयॉर्कच्या पाण्यात जेवण आणि करमणुकीच्या सफरी चालवणाऱ्या वर्ल्ड यॉट कंपनीवर तिथल्या वाढप्यांनी दावा लावला. मेजवान्यांच्या गिऱ्हाइकांकडून कंपनी सर्व्हिस चार्ज घेते, तो टिपच आहे असा त्यांचा समज करून दिला जातो, आणि पैसे मात्र आमच्यापर्यंत येत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. फेब्रुवारी 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानं वाढप्यांच्या बाजूचं तत्त्व मान्य केलं. सक्तीचा आकारही टिप ठरू शकतो. साधारण समजेच्या गिऱ्हाइकाला तो टिप वाटेल अशा रीतीनं मागितला गेला असेल, तर मालकाला तो ठेवून घेता येणार नाही. पुढे 2011 पासून लागू झालेल्या राज्याच्या नियमांनी हेच आणखी पक्कं केलं. खाण्यापिण्याच्या किमतीशिवाय घेतलेला असा आकार हा टिपच आहे असं आधी धरलं जातं. तसं नसेल तर तो कर्मचाऱ्यांना वाटला जात नाही हे गिऱ्हाइकाला ठळकपणे कळवण्याची जबाबदारी मालकाची.

मला या निकालातली दृष्टी फार मोलाची वाटते. पैसे देताना माणसाच्या मनात काय होतं, याला न्यायालयानं वजन दिलं. वाढणाऱ्यासाठी म्हणून दिलेला पैसा वाढणाऱ्याला मिळावा, एवढी साधी अपेक्षा त्यात आहे.

भारतातल्या वाचकाला इथं एक फरक सांगायला हवा. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सक्तीच्या सर्व्हिस चार्जविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ती उचलून धरली. त्यामुळे बिलातला सर्व्हिस चार्ज काढून टाका असं सांगायची आपल्याला सवय होते आहे. अमेरिकेत बुकिंगच्या वेळी सांगून घेतलेला आकार असा सहजी काढून मिळत नाही. तो आहे का, आणि असेल तर कुणाला जातो, हे आधी विचारणं एवढंच हातात असतं.

पावतीवर ग्रॅच्युइटी लावलेली असेल तर जेवणाची टिप दिलीच, असं समजावं. डिस्नेच्या 'हूप-डी-डू'च्या तिकिटात कर आणि ग्रॅच्युइटी दोन्ही येतात. अशा वेळी तिथं वेगळी मागवलेली वस्तू असेल तरच तिच्यापुरती टिप द्यायची. पावतीवर फक्त ॲडमिनिस्ट्रेटिव्ह फी असेल तर टिप दिली गेलेली नाही.

टाळी कलाकाराला, टिप कुणाला?

जेवणाच्या जोडीला करमणूक म्हटल्यावर आपल्या मनात दौलतजादा येणं साहजिक आहे. लावणीच्या बैठकीत कलावंतिणीला थेट पैसे देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. खाणंपिणं आणि नाच एका छताखाली असलेल्या डान्स बारचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. महाराष्ट्राच्या 2016 च्या कायद्यानं तिथं नोटा उधळायला मनाई केली होती आणि हातात टिप द्यायलाही. जानेवारी 2019 मध्ये न्यायालयानं उधळण्यावरची मनाई योग्य ठरवली, पण टिप हातात देण्यावरची मनाई मान्य केली नाही. पैसा माणसाचा मान राखून, ज्याचा त्याच्या हातात द्यावा, असा त्या फरकाचा अर्थ मी घेतो.

अमेरिकी डिनर शोमध्ये मंचावरच्या नटाला टिप देत नाहीत. त्याचा मोबदला कंपनीशी ठरलेला असतो आणि तिकिटातून येतो. तो पुरेसा नसेल तर लढाई कंपनीशी असते. लिंडहर्स्टच्या किल्ल्यातल्या कलाकारांनी 2022 साली युनियनच्या बाजूनं मतदान केलं ते पगार आणि सुरक्षिततेसाठी. टेबलापाशी येऊन आपल्या फर्माइशीचं गाणं वाजवणारा वादक किंवा पियानोवर पेला ठेवून बसलेला कलाकार यांची गोष्ट वेगळी. तिथं दोन-पाच डॉलर देणं रीतीला धरून असतं.

काही थिएटरांत मात्र नट आणि वाढपी ही दोन माणसं नसतातच. मेरीलँडमधल्या कोलंबिया गावच्या टोबीज डिनर थिएटरमध्ये मंचावर गाणारे कलाकारच नाटकाआधी आणि मध्यंतरात टेबलं सांभाळतात. ज्यानं आत्ता कॉफी ओतली तोच दहा मिनिटांनी नायक होऊन गातो. तरुण कलाकारांसाठी ही शाळाही आहे आणि पोटापाण्याचं साधनही. इथं टिप देताना ती वाढण्याची आहे की गाण्याची, हा खल करत बसू नये. सढळ हातानं द्यावी.

किमतीतच बसवता येतं

हा सगळा खटाटोप अटळ आहे का? नाही. फ्रान्समध्ये सेवेचा मोबदला धरूनच किंमत लावायचा नियम आहे. पॅरिसच्या मुलाँ रूजमध्ये जेवणासह नृत्याचा खेळ पाहायला जाणाऱ्याला टक्क्यांची चिंता करावी लागत नाही. वर काही ठेवलं तर ती निव्वळ खुशी. जपानमध्ये टिप द्यायची पद्धतच नाही. आणि अमेरिकेतच डिस्नेनं ग्रॅच्युइटी तिकिटात घालून हे जमतं हे दाखवलेलं आहे. नट, वादक, दिवे लावणारा, घोड्यांची निगा राखणारा, या सगळ्यांचा मोबदला ज्या तिकिटात बसतो त्यात वाढणाऱ्याचाही बसू शकतो. तो बाहेर ठेवला की तिकीट स्वस्त दिसतं, म्हणून तो बाहेर ठेवला जातो.

मराठी मंडळांनी लक्षात घ्यावं असं

अमेरिकेतल्या मराठी माणसाचा या प्रश्नाशी संबंध प्रेक्षक म्हणूनच येतो असं नाही. यजमान म्हणूनही येतो. गावोगावच्या मंडळांची दिवाळी आणि संक्रांत, 1981 पासून काम करणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची दर दोन वर्षांनी भरणारी अधिवेशनं, या सगळ्यांत एकाच शुल्कात नाटक, गाणी आणि जेवण येतं. हॉटेलच्या किंवा हॉलच्या करारात वीस टक्क्यांच्या वर सर्व्हिस चार्ज असू शकतो. तो कुणाला मिळतो, त्यातला किती भाग वाढणाऱ्यांना जातो, हे सही करण्याआधी लेखी विचारून घेणं ही समितीची जबाबदारी आहे. पुरणपोळी आणि मसालेभात देशी केटररकडून आला असेल तर त्याच्या पोरांनी दिवसभर ट्रे उचललेले असतात आणि त्यांच्यासाठी कुठंही टिपची ओळ नसते. खर्चाच्या अंदाजपत्रकात ध्वनियंत्रणेची रक्कम जशी आधीपासून धरतात, तशी वाढणाऱ्यांची रक्कमही धरावी आणि कार्यक्रम संपताना ती त्यांच्या हातात द्यावी. पाचशे सभासदांच्या शुल्कात माणशी दोन डॉलर वाढवले तरी हजार डॉलर उभे राहतात.

आणि प्रेक्षक म्हणून जाताना करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. बुकिंग करतानाच विचारावं: यात ग्रॅच्युइटी आहे का? फी असेल तर ती वाढणाऱ्याला जाते का? उत्तर 'नाही' आलं तर माणशी सात-आठ डॉलर तिकिटाच्या किमतीतच मनात मिळवून ठेवावेत आणि मगच तिकीट परवडतं की नाही ते ठरवावं. निघताना सुट्या नोटा सोबत घ्याव्यात, कारण बिल येणार नसतं आणि शेवटच्या गर्दीत कार्डाचं यंत्र शोधायला वेळ नसतो. टिप मध्यंतरानंतर, खेळ संपायच्या आत, वाढणाऱ्याकडे पाहून त्याच्या हातात द्यावी. तिकीट काढताना आपण खेळाची किंमत मोजलेली असते. वाढणाऱ्याच्या कामाची किंमत मोजायची बाकी असेल तर ती मोजूनच बाहेर पडावं.